दृष्टिदाता शल्यविशारद विल्यम चेसेल्डन

पंचेंद्रियांमध्ये नेत्रांचे स्थान सर्वश्रेष्ठ मानले जाते. जन्मतःच दृष्टीस पारख्या झालेल्या बालकाला हे जग दाखविणाऱ्या वैद्यांमध्ये इंग्लंडचे विल्यम चेसेल्डन यांचे नाव आदराने घेतले जाते.

चेसेल्डन यांचा जन्म १९ ऑक्टोबर १६८८ रोजी लीस्टरशायर परगण्यातील सॉमर्बी या खेड्यात झाला. लंडनमध्ये शरीररचनाशास्त्राचे शिक्षण घेऊन वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी ते त्याच विषयाची व्याख्याने देऊ लागले. १७१३ मध्ये त्यांचा शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. लॅटिनऐवजी इंग्रजीत लिहिल्यामुळे तो विद्यार्थ्यांना दीर्घकाळ मार्गदर्शक ठरला. पुढे सेंट थॉमस रुग्णालयात शल्यविशारद म्हणून त्यांची कीर्ती पसरली. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते. रुग्णाच्या वेदनेच्या विचाराने शस्त्रक्रियेपूर्वी ते स्वतः व्याकूळ होत. मात्र हाती शस्त्र घेताच त्यांचा हात स्थिर होई.

१७२८ मध्ये त्यांनी सुमारे तेरा वर्षांच्या एका मुलाची हकिकत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मोतीबिंदूमुळे त्या मुलाला कधी दिसल्याचे स्मरणच नव्हते. दिवस-रात्रीचा भेद आणि प्रखर उजेडात काळा, पांढरा व लालभडक रंग एवढेच त्याला कळे. चेसेल्डन यांनी सुईने गढूळ भिंग बाजूला सारले. अशी क्रिया आपल्या सुश्रुतसंहितेतही वर्णिलेली आहे.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, परंतु मुलाला लगेच काही उमगले नाही. सर्व वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्या आहेत, असे त्याला वाटे. मांजर आणि कुत्रा यांतील फरक कळण्यासाठी त्याने मांजराला हाताने चाचपले आणि मग टक लावून पाहिले. चित्रातील माणसे म्हणजे केवळ रंगांचे ठिपके नव्हेत, हे समजण्यास त्याला दोन महिने लागले. डोळा उघडणे वेगळे आणि पाहावयास शिकणे वेगळे, हे सत्य या मुलामुळे जगाला उमगले.

१० एप्रिल १७५२ रोजी बाथ येथे चेसेल्डन यांचे निधन झाले. त्यांची हकिकत मात्र विज्ञानाला मार्ग दाखवीत राहिली. पवन सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांचा अभ्यास केला. हाताने ओळखलेली वस्तू या मुलांना डोळ्यांनी तत्काळ ओळखता येत नाही, परंतु थोड्याच दिवसांत ती शिकतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसून आले.

आज जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन महिन्यांतच करणे हितावह मानले जाते. विलंब झाल्यास मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. शस्त्रक्रियेनंतरही चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी आणि वर्षानुवर्षे तपासणी आवश्यक असते. बाळाच्या बुबुळात पांढरी झाक दिसली, नजर स्थिरावत नसली वा डोळे सतत हलत असले, तर दृष्ट, नवस यांत दिवस न घालविता नेत्रतज्ज्ञ गाठावा. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराची तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. अंकुशनगर परिसरात ऊसतोडीसाठी येणाऱ्या कुटुंबांपर्यंत ही माहिती पोहोचविणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

एका बालकाच्या अंधारात दीप लावणाऱ्या या थोर शल्यविशारदाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!