काझुहिको कातो : दर वेळी नवी वाट धरणारा संगीतकार

१९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जपानच्या लोकप्रिय संगीतात प्रत्येकाचे काम ठरलेले होते. गीतकार व संगीतकार ध्वनिमुद्रिका कंपनीशी करारबद्ध असत आणि गायकाने काय गायचे हे बहुधा कंपनीच ठरवी. ही चौकट मोडून गाणे स्वतः रचणारे, वाजवणारे आणि त्याच्या ध्वनीलाही स्वतः आकार देणारे जे कलावंत पुढे आले, त्यांत गिटारवादक आणि निर्माते काझुहिको कातो यांचे स्थान अग्रभागी आहे.

कातो यांचा जन्म २१ मार्च १९४७ रोजी क्योटो येथे झाला. त्यांचे आजोबा बुद्धमूर्ती घडवणारे शिल्पकार होते. क्योटोतील र्‍युकोकु या बौद्ध विद्यापीठात शिकत असताना, १९६५ मध्ये, त्यांनी एका मासिकातून साथीदार हवे असल्याचे आवाहन केले. त्याला प्रतिसाद देणाऱ्यांत वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी ओसामु कितायामा होते. त्यातून ‘द फोक क्रुसेडर्स’ हा गट उभा राहिला. १९६७ मध्ये हा हौशी गट विसर्जित करताना आठवण म्हणून त्यांनी पदरमोड करून एका ध्वनिमुद्रिकेच्या ३०० प्रती काढल्या.

त्या मुद्रिकेतील एक गाणे मद्यपान करून मोटार चालवणाऱ्या आणि अपघातात मरण पावलेल्या माणसाचे होते. हा माणूस स्वर्गात जातो. पण तिथेही त्याचे पिणे सुटत नाही, म्हणून देव त्याला पुन्हा पृथ्वीवर धाडतो. कितायामा यांच्या घरी साध्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केलेल्या या गाण्यात फितीचा वेग वाढवून आवाज चिरका करण्यात आला होता. रेडिओवरून ते गाजू लागले. डिसेंबर १९६७ मध्ये तोशिबाने ते बाजारात आणले आणि त्याच्या १० लाखांहून अधिक प्रती खपल्या. घरगुती साधनांनी केलेले गाणे मोठ्या स्टुडिओच्या निर्मितीवर मात करू शकते, हे जपानी संगीतव्यवसायाला प्रथमच दिसले.

मात्र त्याच मुद्रिकेतील दुसऱ्या गाण्याने या तरुणांना वेगळाच अनुभव दिला. कोरियाच्या उत्तर भागातून दक्षिणेकडे वाहणाऱ्या इम्जिन नदीवरचे हे गीत फाळणीने दुरावलेल्या मायभूमीची ओढ व्यक्त करते. कातो यांचे मित्र ताकेशी मात्सुयामा यांनी ते क्योटोतील कोरियन शाळेच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आणि जपानीत आणले. गटाने ते पारंपरिक लोकगीत मानले होते. प्रत्यक्षात ते उत्तर कोरियातील कवी व संगीतकाराची रचना होती. मूळ रचनाकारांचा व त्यांच्या देशाचा उल्लेख करावा, अशी मागणी जपानमधील उत्तर कोरियासमर्थक कोरियन संघटनेने केली. तोशिबाने फेब्रुवारी १९६८ मध्ये, प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, ती तबकडी रद्द केली. त्यानंतर अनेक वर्षे हे गाणे जपानी रेडिओवर क्वचितच ऐकू आले. रिकाम्या जागी लगोलग दुसरे गाणे हवे होते. कातो यांनी अल्पावधीत चाल बांधली, कवी हाचिरो सातो यांनी शब्द दिले आणि ‘कानाशिकुते यारिकिरेनाई’ हे विषण्ण गीत जन्माला आले. तेही लोकांच्या मनात घर करून राहिले.

यशाच्या शिखरावरच, ऑक्टोबर १९६८ मध्ये, गट विसर्जित झाला. यशस्वी झालेली वाट पुन्हा न चालण्याचा हा स्वभाव कातो यांनी अखेरपर्यंत जपला. इतरांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी वादन आणि संगीतसंयोजन करताना त्यांनी १९७२ मध्ये ताकुरो योशिदा यांच्या ‘केक्कोन शियो यो’ला जो मोकळा बाज दिला, त्याने लोकगीतशैली घराघरांत पोहोचली. लंडनमधील रॉक संगीताने प्रभावित होऊन त्यांनी पत्नी मिका यांच्यासह ‘सॅडिस्टिक मिका बँड’ स्थापन केला. मासायोशी ताकानाका व युकिहिरो ताकाहाशी हे पुढे नामवंत झालेले वादक त्यात होते. बीटल्स आणि पिंक फ्लॉइड यांच्या ध्वनिमुद्रणांवर काम केलेले ब्रिटिश निर्माते ख्रिस थॉमस यांनी टोकियोत येऊन त्यांच्या ‘कुरोफुने’ची निर्मिती केली. १८५३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागलेल्या अमेरिकी ‘काळ्या जहाजां’वर बेतलेली ही मुद्रिका १९७४ मध्ये आली. पुढच्या वर्षी बँडने रॉक्सी म्युझिकसोबत ब्रिटनचा दौरा केला. त्यानंतर मात्र कातो दांपत्य विभक्त झाले आणि बँडही संपला.

१९७७ मध्ये त्यांनी गीतकार काझुमी यासुई यांच्याशी विवाह केला. यासुई यांचे शब्द आणि कातो यांच्या चाली या जोडीतून तीन ध्वनिमुद्रिका घडल्या. त्यांसाठी त्यांनी १९७९ ते १९८१ या काळात बहामा बेटे, बर्लिन आणि पॅरिसजवळचा एरुव्हिल वाडा येथील स्टुडिओ निवडले. र्‍युइची साकामोतो यांच्यासारखे साथीदार सोबत नेले. ध्वनिमुद्रणाची जागा हीदेखील संगीताचा घटक असते, ही त्यांची धारणा होती. १९८४ मध्ये ‘मॅक्रॉस’ या ॲनिमेशनपटासाठी या दांपत्याने रचलेले गीत नव्या पिढीच्या ओठांवर आले. १९९४ मध्ये यासुई यांचे कर्करोगाने निधन झाले.

कातो यांनी पुढे काबुकी रंगभूमीच्या आधुनिक प्रयोगांना व चित्रपटांना संगीत दिले. इम्जिन नदीचे रद्द झालेले ध्वनिमुद्रण ३४ वर्षांनी, २००२ मध्ये, अखेर प्रकाशित झाले. १९६८च्या क्योटोतील जपानी व कोरियन तरुणांची कथा सांगणाऱ्या ‘पाच्चिगी’ या २००५च्या चित्रपटाचे संगीत कातो यांचेच होते आणि त्याच्या केंद्रस्थानी तेच गाणे होते. विशीत ज्या गाण्याची तबकडी निघू शकली नाही, ते वयाच्या ५७व्या वर्षी त्यांना चित्रपटगृहांतील प्रेक्षकांपर्यंत नेता आले.

ऑक्टोबर २००९ मध्ये कारुइझावा येथे, वयाच्या ६२व्या वर्षी, त्यांनी जीवनयात्रा संपवली.