फादर थॉमस स्टीफन्स : मराठी ओवीतून प्रभूची कथा सांगणारे धर्मगुरू



आपल्या घरात सकाळी मोबाईलवर भक्तिगीत लागते, संध्याकाळी मालिका लागते आणि रात्री मुले अंथरुणात रील्स पाहत झोपी जातात. लग्नसराईत डीजे असतो. गावाकडे गेलो की हरिनाम सप्ताहाचा मृदंग कानावर पडतो. नांदेड असो की लातूर, आपण ख्रिस्ती माणसे या सगळ्यांच्या मधोमध राहतो. यातले आपले काय आणि परके काय, असा प्रश्न आपली मुले विचारतात तेव्हा काय सांगावे हे आपल्याला पटकन सुचत नाही. कोणी म्हणतो सगळे दूर ठेवा, तर कोणी म्हणतो काळाप्रमाणे चालू द्या. अशा वेळी सुमारे चारशे वर्षांपूर्वी गोव्यात होऊन गेलेल्या एका धर्मगुरूची आठवण उपयोगी पडेल. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथोलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड नावाचा त्यांचा एक श्रद्धावान मित्र होता. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले होते. परंतु पाउंड यांना श्रद्धेपायी अटक झाली आणि पुढे कित्येक वर्षे त्यांना तुरुंगात काढावी लागली. स्टीफन्स एकटेच रोमला गेले आणि १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. स्वतःच्या देशात श्रद्धेसाठी लपून राहावे लागणे म्हणजे काय, हे त्यांना तरुणपणीच कळले होते.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन बंदरातून जहाज धरले. आफ्रिकेला वळसा घालून सहा महिन्यांहून अधिक काळाचा तो प्रवास होता. वाटेत वादळे झाली, आजारपणे आली, सोबतचे काही जण दगावले. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला पोहोचले. पोहोचल्यावर त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. हिंदुस्थानात स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. व्यापार किंवा राज्य करायला ते आले नव्हते. परत मायदेशी जाणेही त्यांच्या नशिबी नव्हते. पुढची चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः सासष्टीच्या गावांमध्ये, काढली.

त्या गावांतील दिवस सोपे नव्हते. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी आणली होती. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालयही सुरू झाले होते. लोकांच्या मनात राग होता. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यानंतर सत्तेने गावच्या पुढाऱ्यांवर भयंकर सूड उगवला. मारल्या गेलेल्या आपल्या बांधवांचे देह परत आणण्याच्या कामी फादर स्टीफन्स होते. हा इतिहास दुःखाचा आहे आणि आपण तो झाकून ठेवू नये. बळाच्या सावलीत सुवार्ता सांगितली की तिच्यावरही ती सावली पडते. फादर स्टीफन्स त्याच काळातले आणि त्याच व्यवस्थेतले होते. पण कुंकळ्ळीनंतरही ते लोकांपासून दूर गेले नाहीत. ते लोकांच्या भाषेत अधिक खोल उतरले.

त्याच वर्षी त्यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिले. त्यात नारळाच्या झाडाचे किती उपयोग आहेत याचे कौतुक आहे. येथल्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, हेही त्यांनी त्यात नोंदवले आहे. विद्वानांनी ही गोष्ट अभ्यासाने मांडायला त्यानंतर दोनशे वर्षे लागली. ज्या माणसाला परक्या मुलखातील झाड आणि परक्या माणसाची बोली दोन्ही नीट पाहाविशी वाटतात, त्याच्या मनात त्या मुलखाविषयी तुच्छता राहू शकत नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती असे चार इंग्रज ओर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. इंग्लंडमध्ये कॅथोलिकांचा छळ चालू होता आणि फादर स्टीफन्स तेथूनच बाहेर पडलेले होते. तरीही या देशबांधवांना जामिनावर सोडवण्यासाठी त्यांनी खटपट केली. प्रवचन न देताही श्रद्धा कशी जगता येते, हे या एका गोष्टीवरून दिसते.

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे वळू. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना रविवारी धर्मशिक्षण मिळत असे. प्रश्नोत्तरे पाठ होत, प्रार्थना येत. पण घरात कथा राहिली नव्हती. पूर्वी संध्याकाळी पुराण वाचले जाई, बायका ओव्या गात, मुले ऐकता ऐकता मोठी होत. ते सगळे बंद पडले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण उठून पाद्रीगुरूंना हेच सांगतो : आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही द्या, म्हणजे आमच्या मनाचे समाधान होईल. फादर स्टीफन्स यांनी ही मागणी योग्य मानली. लोकांकडून त्यांचे गाणे काढून घ्यायचे आणि त्यांच्या हाती फक्त नियम ठेवायचे, हे त्यांना पटले नाही.

मग त्यांनी मराठीत ओवी लिहायला घेतली. ओवी म्हणजे ज्ञानेश्वरांची ओवी, जात्यावर बसलेल्या बाईची ओवी. १६१६ साली राचोल येथे त्यांचा ग्रंथ छापला गेला. आज आपण त्याला ख्रिस्तपुराण म्हणतो. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात उत्पत्तीपासून प्रभूच्या आगमनाच्या वाटचालीपर्यंतची जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. दोन्ही मिळून जवळजवळ ११ हजार ओव्या होतात. वैकुंठ, मोक्ष, भक्ती, गुरू असे लोकांच्या तोंडचे शब्द त्यांनी टाकून दिले नाहीत. ते घेऊन त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगितली. मराठी भाषेचे गुणगान तर त्यांनी असे केले की आजही शाळेतील मुलांना ते ठाऊक असते : रत्नांमध्ये जसा निळा हिरा, फुलांमध्ये जसा मोगरा, तशी त्यांना मराठी वाटली. या मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला. तिचे कौतुक करणाऱ्यांत एक परदेशी कॅथोलिक धर्मगुरू होता, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

हा ग्रंथ नागरी लिपीत छापला जावा अशी त्यांची इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला पत्र लिहून तशी परवानगीही मागितली. पण खिळे तयार झाले नाहीत आणि मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. १६१९ साली, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, गोव्यातच त्यांचे निधन झाले. कोकणी भाषेतील त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. पुढे १६८४ साली सरकारने लोकभाषाच दडपण्याचा हुकूम काढला. तरी हे पुराण मेले नाही. लोकांनी हाताने नकला केल्या, घरात आणि चर्चमध्ये ते गायिले. गोव्यातून दक्षिणेला मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले. जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. १९०७ साली मंगळूरला नवी आवृत्ती निघाली ती या हस्तलिखितांच्या आधारे. १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती आली. ज्या लिपीची फादर स्टीफन्स यांनी वाट पाहिली, ती त्यांच्या ओव्यांना छापात मिळायला जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली.

आपल्या मराठवाड्याचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. नांदेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी पैठणहून येते. त्या पैठणला संत एकनाथ भारुडे रचत होते, त्याच काळात फादर स्टीफन्स सासष्टीत मराठी शिकत होते. लातूरपासून जवळ असलेल्या अंबाजोगाईचे दासोपंतही त्यांचे समकालीन. साध्या माणसाला कळेल अशा भाषेत देवाचे बोलायचे, ही या भूमीची जुनी रीत आहे. तिच्यातून आलेली ओवी फादर स्टीफन्स यांनी प्रभूच्या चरणी वाहिली. म्हणून मराठीत प्रभूचे भजन गाताना टाळ आणि ढोलकी हाती घेतली तर आपण परक्याची उसनवारी करत नाही. लोकभाषेतील उपासनेचा मार्ग दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सर्व जगासाठी मोकळा केला. त्याची पाऊलवाट मराठीत आधीच पडलेली होती.

तर मग मोबाईल, मालिका आणि डीजे यांचे काय? फादर स्टीफन्स यांच्या जीवनातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, नुसते बंद करून भागत नाही. मुलाच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि त्याच्याशी बोललो नाही, तर त्याची संध्याकाळ रिकामीच राहते. जी जागा रिकामी करतो ती भरलीही पाहिजे. रात्री कुटुंबाने मिळून जपमाळ म्हणणे, आजीने बायबलमधली एखादी गोष्ट सांगणे, तरुणांनी त्याच मोबाईलवर स्वतःच्या आवाजातले मराठी गीत तयार करणे, ही ती भरण आहे.

दुसरी, घ्यायचे ते पारखून घ्यायचे. फादर स्टीफन्स यांनी ओवी घेतली, पण कथा प्रभूचीच सांगितली. आपणही विचारावे : हे गाणे, हा सण, ही पद्धत आत घेतली तर शेजाऱ्याविषयीचे प्रेम वाढते की कमी होते? वरातीत नाचण्यात पाप नाही. पण त्याच लग्नात हुंडा घेतला, कर्ज काढून मानपान केला, जात पाहून पंगत मांडली, तर डीजे बंद ठेवूनही ते लग्न ख्रिस्ती होत नाही.

तिसरी, यासाठी वेळ द्यावा लागतो. ख्रिस्तपुराण छापले गेले तेव्हा फादर स्टीफन्स यांना गोव्यात येऊन सदतीस वर्षे झाली होती. इतकी वर्षे त्यांनी लोकांचे ऐकले, त्यांच्या पोथ्या समजून घेतल्या, चुकतमाकत बोलायला शिकले. आपल्या घरातील तरुणांची भाषाही आता वेगळी झाली आहे. ती आपण ऐकायला तयार आहोत का?

येत्या आठवड्यात प्रत्येक घराने एक संध्याकाळ ठरवावी. तासभर टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवून मुलांना काय आवडते ते त्यांच्याकडून ऐकावे आणि मग प्रभूची एक कथा आपल्या साध्या मराठीत त्यांना सांगावी. ज्यांच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या अजून आठवणीत आहेत, त्यांनी त्या लिहून काढाव्यात. हातांनी उतरवून घेतलेल्या ओव्यांनीच फादर स्टीफन्स यांचे पुराण आपल्यापर्यंत आणले आहे.

हे प्रभो, तू आमच्यात येऊन राहिलास आणि आमच्यासारखाच बोललास. आमच्या घरातल्या बोलण्यात, गाण्यात आणि सणासमारंभात तुला जागा देण्याची बुद्धी आम्हाला दे. आमेन.