फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई आणि गांवचें पाणी

हातांत दिवा घेऊन मध्यरात्रीं रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी एक शांत स्त्री, हें चित्र आमच्या बहुतेक विद्यार्थिमित्रांच्या परिचयाचें आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव उच्चारतांच तो दिवा डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु त्या दिव्याच्या उजेडांत या थोर बाईंचें दुसरें एक काम झांकून गेलें आहे, आणि आमच्या मतें तेंच अधिक मोठें होय. तें काम म्हणजे गटारें, विहिरी व पिण्याचें पाणी यांची सुधारणा. त्याचा आपल्या देशाशीं, किंबहुना त्या वेळच्या मुंबई इलाख्याशींहि निकट संबंध आहे. म्हणून तीच हकीकत आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं एका सधन इंग्रज कुटुंबांत झाला, आणि त्या शहराचेंच नांव त्यांना मिळालें. वडिलांनीं आपल्या दोन्ही मुलींस स्वतः शिकविलें. फ्लॉरेन्सला गणिताची व आंकड्यांची विशेष गोडी होती. वयाच्या सोळाव्या वर्षीं, ईश्वरानें आपणांस सेवेसाठीं बोलाविलें आहे, अशी तिच्या मनाची खात्री झाली. त्या काळीं परिचारिकेचा धंदा हलका मानला जाई; त्यामुळें घरच्या मंडळींनीं कडवा विरोध केला. तो अनेक वर्षें सोसून १८५१ सालीं त्यांनीं जर्मनींतील कैसर्सवर्थ येथें रुग्णसेवेचें शिक्षण घेतलें.

१८५४ सालीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत अडतीस परिचारिका बरोबर घेऊन बाई तुर्कस्तानांतील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळांत दाखल झाल्या. त्यांनीं स्वच्छ कपडे मिळविले, पथ्याचें अन्न शिजविण्याची सोय केली, रात्रंदिवस शुश्रूषा केली. तरीहि त्या पहिल्या हिवाळ्यांत मृत्यु थांबले नाहींत. उलट ते वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्यें तेथील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४२ पर्यंत चढलें. कारण मायेची उणीव हें नव्हतें; कारण जमिनीखालीं होतें. इमारतीखालचीं गटारें तुंबलेलीं होतीं, आणि पाणी येण्याच्या मार्गांत मेलेलें घोडें कुजत पडलें होतें. मार्चमध्यें इंग्लंडहून आलेल्या आरोग्यमंडळानें गटारें धुऊन काढलीं, घाण उपसली, पाण्याचा मार्ग मोकळा केला, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत तेंच प्रमाण शेंकडा २ वर आलें.

युद्ध संपल्यावर १८५६ सालीं बाई मायदेशीं परतल्या. सारें राष्ट्र त्यांचा जयजयकार करीत होतें. पण त्यांनीं विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्यानें मृत्यूंचे आंकडे तपासले, तेव्हां एक कठोर सत्य त्यांच्यापुढें आलें. शत्रूच्या गोळीपेक्षां टाळतां येण्याजोग्या रोगांनींच कितीतरी अधिक शिपाई मेले होते, आणि ज्या इस्पितळांत त्या स्वतः राबल्या, तेथेंच मृत्यूचें प्रमाण सर्वांत जास्त होतें. दुसरें कोणी असतें, तर असले आंकडे पेटींत बंद करून ठेवले असते. बाईंनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं १८५८ सालीं रंगीत आकृत्या काढून ते सत्तेवरील लोकांपुढें मांडले. त्याच वर्षीं लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेनें त्यांस सभासद करून घेतलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

पुढें त्यांची प्रकृति ढासळली. आयुष्याचा बराच काळ त्यांनीं खोलींत, बिछान्यावर बसून लेखन करण्यांत घालविला. याच खोलींतून त्यांचें लक्ष हिंदुस्थानाकडे वळलें. १८५९ सालीं हिंदुस्थानांतील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठीं एक आयोग नेमला गेला. बाईंनीं ठिकठिकाणच्या छावण्यांकडून आलेलीं उत्तरें बारकाईनें वाचलीं. दर हजार शिपायांमागें सालीना ६९ मृत्यु होत होते. कारणें पुन्हां तींच : न तपासलेलें पाणी, सांडपाण्यास वाट नाहीं, दाटीवाटीच्या बराकी. १८६३ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्या वर्षीं मुंबई, मद्रास व बंगाल या इलाख्यांत आरोग्यमंडळें स्थापन झालीं. दहा वर्षांनंतर तें प्रमाण हजारीं १८ पर्यंत उतरल्याचें बाईंनीं नमूद केलें.

येथेंच त्या थांबल्या असत्या, तर त्यांची दृष्टि छावणीपुरतीच राहिली असती. परंतु शेजारचा बाजार व खेडें घाणींत असतां छावणी निरोगी राहूं शकत नाहीं, हें त्यांस उमगलें. आणि पुढें तर रयतेचें आरोग्य हाच त्यांच्या लेखनाचा मुख्य विषय झाला. त्यांनीं हिंदुस्थान कधींच पाहिला नाहीं. तरी पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. १८८९ सालीं मुंबई इलाख्यांत ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला. पैशावांचून कायदा म्हणजे कोरडी विहीर, हें बाईंनीं ओळखलें. म्हणून १८९२ सालीं त्यांनीं भारतमंत्र्यांस अशी विनंती केली कीं, गांवकऱ्यांकडून वसूल होणाऱ्या स्थानिक करांतून प्रथम त्या त्या गांवच्या पाण्याची व स्वच्छतेची गरज भागवावी. त्याचबरोबर नुसत्या हुकुमानें संवयी बदलत नाहींत, हेंहि त्या जाणून होत्या. इंग्लंडच्या खेड्यांत घरोघर जाऊन मातांस आरोग्याचे धडे देणाऱ्या स्त्रियांची योजना त्यांनीं चालविली होती. तशीच योजना आपल्या खेड्यांसाठींहि त्यांनीं सुचविली.

त्यांच्या हातून चूक झाली नाहीं असें नव्हे. रोग जंतूंपासून होतात, हें मत त्यांनीं फार काळ मान्य केलें नाहीं. दुर्गंधयुक्त हवेसच त्या दोष देत राहिल्या. पण स्वच्छ गटार व शुद्ध पाणी यांचा त्यांनीं धरलेला आग्रह जंतुशास्त्राच्या कसोटीसहि उतरला.

१३ ऑगस्ट १९१० रोजीं वयाच्या नव्वदाव्या वर्षीं बाईंनीं देह ठेवला. वेस्टमिन्स्टर ॲबींत राजेरजवाड्यांच्या शेजारीं त्यांस जागा मिळत होती. परंतु आप्तांनीं ती नाकारली, व एका खेड्यांतील चर्चच्या आवारांत त्यांचें दफन झालें. त्यांच्या स्मृतिशिलेवर पूर्ण नांवहि नाहीं. केवळ आद्याक्षरें व जन्ममृत्यूच्या तारखा आहेत.

बाईंचें काम मात्र अजून पुरें झालेलें नाहीं. २०२२ सालीं जगांतील सुमारें २२० कोटी लोक सुरक्षित पाणीपुरवठ्याला पारखे होते, आणि त्यांतील बहुतेक गरीब देशांतले होते. विहीर खणली, नळ बसविला, म्हणजे काम संपलें असें नाहीं. त्याची देखभाल, त्यासाठीं दरसाल पैसा, आणि घरोघरीं शिकवण, हीं तिन्ही लागतात. विद्यार्थिमित्रांनो, आजाऱ्याच्या उशाशीं दिवा घेऊन बसणें हें पुण्याचें काम आहेच. परंतु तो आजारी पडूंच नये म्हणून गांवची विहीर राखणें, शाळेच्या नळाभोंवतीं चिखल सांचूं न देणें, जेवणापूर्वीं हात धुणें, हीहि सेवाच होय. तिच्यासाठीं कोणी जयजयकार करीत नाहीं, एवढेंच. आणि पालकांस आमची नम्र विनंती आहे कीं, ग्रामपंचायतीच्या सभेंत पाण्याचा व गटाराचा विषय निघेल, तेव्हां तो क्षुल्लक मानूं नये. त्या विषयासाठीं नाइटिंगेल बाईंनीं आपलें अर्धें आयुष्य वेंचलें.