सुरपूरचे ‘अप्पा’ : कर्नल मेडोज टेलर

सरहद्दीवर आयुष्य काढलेला माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजी चित्रपटातला बंदूकधारी घोडेस्वार उभा राहतो. अमेरिकेच्या अरण्यात वाटा पाडणाऱ्या डॅनियल बूनचे नाव आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु तशाच धाडसाचा, आणि माझ्या मते त्याहून अधिक विचार करायला लावणारा, एक माणूस आपल्याच मुलुखात साडेतीन दशके वावरला, ह्याची जाणीव फार थोड्यांना असते. हळ्ळीखेडहून हुमनाबादला जाऊन पश्चिमेचा रस्ता धरला, तर उमरग्यावरून नळदुर्ग आणि तेथून तुळजापूर गाठता येते. दक्षिणेचा धरला, तर कलबुर्गी, जेवर्गी आणि पुढे सुरपूर. ह्या दोन्ही वाटांवर त्या माणसाच्या खुणा आहेत. आपल्या अंकाच्या मराठी विभागाला नळदुर्ग-तुळजापूर जवळचे, कन्नड विभागाला सुरपूर जवळचे; फिलिप मेडोज टेलर यांचे चरित्र मात्र दोन्ही विभागांचे आहे. इतिहास शिकविताना त्यांचे नाव ‘ठगांची कादंबरी लिहिणारा इंग्रज’ एवढ्यावरच आटोपले जाते, म्हणून हा लेख.

टेलर यांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. वडील व्यापारी होते. पुढे त्यांचे दिवस फिरले आणि पंधरा वर्षांच्या मुलाला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे कारकुनीला पाठवून देण्यात आले. मुंबईत उतरल्यावर त्या व्यापाऱ्याचीच पेढी डबघाईला आलेली दिसली. एका नातलगाच्या खटपटीने १८२४ साली ह्या पोराला निजामाच्या फौजेत अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि तो औरंगाबादेस रुजू झाला. आज अकरावीत बसणाऱ्या मुलाचे वय ते!

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. टेलर हे ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर नव्हते, निजामाचे नोकर होते. कंपनीच्या करारबद्ध गोऱ्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीने अशा माणसाची पायरी खालची. मोठ्या शहरातील सुखाच्या जागा त्यांच्या वाट्याला यायच्या नाहीत. जेथे कोणी जायला राजी नसे, तेथे ह्यांना धाडायचे. टेलर यांचे सगळे आयुष्य अशा कडेच्या मुलुखात गेले याचे अर्धे कारण त्यांचा स्वभाव आणि अर्धे कारण ही पायरी.

शाळा अर्ध्यावर सुटलेली. म्हणून ह्या माणसाने स्वतःच स्वतःचे शिक्षण केले. फारसी, हिंदुस्थानी, मराठी ह्या भाषा ते शिकले आणि दुभाष्याविना रयतेशी बोलू लागले. कायदा, जमीनमोजणी, भूगर्भशास्त्र, चित्रकला हे सारे त्यांनी तंबूत दिव्याच्या उजेडात साधले. १८२६ च्या सुमारास, वय अठरा, त्यांना निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागात पोलिसांचे सहायक अधीक्षक नेमले. तुळजापूरचा परिसर त्यात येत होता. बाजारात पिठात वाळू मिसळून विकणाऱ्या दुकानदारांना त्यांनी एकदा त्यांच्याच पिठाच्या भाकरी करून खायला लावल्या, अशी हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. ह्या न्यायाला कोणत्या कायद्याचा आधार होता हे विचारू नये! गोरगरीब मात्र खूश झाले असणार यात शंका नाही.

ह्याच काळात रस्त्यावर नाहीशा होणाऱ्या प्रवाशांच्या हकीकती त्यांच्या कानांवर येऊ लागल्या आणि त्यांनी तपास सुरू केला. तेवढ्यात १८२९ साली त्यांना पुन्हा पलटणीत बोलावून घेण्यात आले. ठगांचा बंदोबस्त करण्याचे श्रेय पुढे स्लीमन यांना मिळाले. ती हळहळ टेलर यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. पुढे हैदराबादेस माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या त्यांनी ऐकल्या. आजारपणाच्या रजेवर ते विलायतेस गेले आणि १८३९ साली त्यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी निघाली. अमीर अली नावाचा ठग स्वतःची कहाणी सांगतो, असा तिचा बांधा. पुस्तक विलक्षण गाजले. ‘ठग’ हा आपला शब्द इंग्रजीत पक्का रुजला, त्यात ह्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. आता इतिहासकार ह्या जबान्यांकडे सावधपणे पाहतात. फाशी चुकविण्यासाठी बोलणारा माणूस साहेबाला जे हवे तेच सांगण्याचा संभव असतो. विद्यार्थ्यांनी ती कादंबरी जरूर वाचावी, पण कादंबरी म्हणून.

मध्यंतरी १८३२ साली त्यांचा विवाह झाला होता. पत्नी मेरी ही हैदराबादचे प्रसिद्ध सावकार विल्यम पामर यांची कन्या. पामर यांची आई फैज बक्ष ही मुसलमान खानदानातली. म्हणजे टेलर यांच्या घरातच दोन्ही रक्ते एकत्र आली होती. मेरी १८४४ साली वारली.

आता सुरपूर. इंग्रजी कागदांत शोरापूर म्हणतात ते हेच. आज ते यादगीर जिल्ह्यात आहे. बेडर (मराठीत आपण बेरड म्हणतो) नायकांचे हे संस्थान फार जुने आणि फार मानी. १७०५ साली वयोवृद्ध औरंगजेबाला वागिनगेऱ्याच्या गढीपुढे जातीने बसावे लागले, ते ह्याच नायकांमुळे. १८४१ साली तेथे कर्ज, खंडणीची थकबाकी आणि घरातली भाऊबंदकी यांनी कहर केला होता. हैदराबादचे रेसिडेंट जनरल फ्रेझर यांनी टेलर यांना तेथे पाठविले. राजा कृष्णप्पा नायक लवकरच मरण पावले. मागे राहिली राणी ईश्वरम्मा, दीर पिड्ड नायक आणि सात-आठ वर्षांचा वारस वेंकटप्पा. थोड्याच दिवसांत सगळा कारभार टेलर यांच्या हाती आला.

पुढची बारा वर्षे त्यांनी त्या डोंगरी गावात काढली. लांबवर दुसरा गोरा माणूस नव्हता. हत्यारबंद बेडरांच्या मेळ्यांपुढे ते बहुधा मोजक्याच शिपायांनिशी जात आणि बोलून काम भागवीत. जमिनीचे तंटे मिटविले, खजिना सावरला, रस्ते केले, तळी दुरुस्त केली. सुरपूरजवळचे बोनाळचे जुने तळे त्यांनी वाढविले. आता तेथे पक्षी अभयारण्य आहे. टेकडीवर त्यांनी बांधलेला बंगला ‘टेलर मंजिल’ ह्या नावाने ओळखला जातो.

रिकाम्या वेळी हा माणूस जेवर्गी, राजनकोळूर, हगरटगी ह्या भागांतली प्राचीन दगडी थडगी उकरीत बसे. ‘उकरीत’ हा शब्द खरे तर अन्यायाचा आहे. खजिन्यासाठी खणणारे त्या काळी पुष्कळ होते. टेलर यांनी मात्र मातीचे थर, सांगाडे आणि मडकी जशी सापडली तशी आडव्या छेदाच्या चित्रांत उतरवून घेतली. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलर ह्यांच्यासारख्या कडक पुरातत्त्वज्ञाने ह्या चित्रांची वाखाणणी केली. आपल्या बाजूच्या जिल्ह्यातल्या माळरानावरचे हे काम शास्त्रीय उत्खननाच्या आरंभीच्या कामांत मोजले जाते. तरी त्या दगडांवर आपली गुरे निवांत बसतात, हेही खरेच.

बाल राजाचे शिक्षण टेलर यांच्या देखरेखीखाली झाले. तो मुलगा त्यांना ‘अप्पा’ म्हणे. हा शब्द कन्नड आणि मराठी दोन्ही वाचकांना उलगडून सांगायला नको. १८५३ साली राजा वयात आला, टेलर यांनी कारभार त्याच्या हाती दिला आणि ते निघाले. त्याच साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपविला. त्यातल्या नळदुर्गच्या जिल्ह्यावर टेलर यांची नेमणूक झाली. नळदुर्गच्या किल्ल्यात त्यांचे वास्तव्य असे. त्या किल्ल्याचे वर्णन पुढे त्यांच्या चांदबिबीवरील कादंबरीत आले आहे. तेथेही मोजणी, सारा, रस्ते हीच कामे.

१८५७ चा वणवा पेटला तेव्हा त्यांना तातडीने वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. फौज देता येणार नाही, काहीही करून जिल्हा शांत ठेवा, असा हुकूम होता. तो जिल्हा शांत राहिला. ह्याचे श्रेय इंग्रज लेखक टेलर यांच्या पुण्याईला देतात. त्यात तथ्य आहे, पण ज्या लोकांनी हत्यार उचलायचे नाही असे ठरविले त्यांची कारणे काय होती, हे कोणी विचारले नाही.

आणि ते बुलढाण्यात असतानाच सुरपूर उठले. बंडाचे दूत राजाकडे येऊ लागले, हैदराबादेहून कॅप्टन कॅम्पबेल यांना सुरपुरास पाठविण्यात आले, आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये राजाच्या माणसांची इंग्रजी फौजेशी गाठ पडली. कॅप्टन न्यूबेरी त्या झटापटीत मारले गेले. राजा रातोरात निसटून हैदराबादेस गेला आणि तेथे सालारजंगांच्या माणसांनी त्याला धरले. टेलर तुरुंगात त्याला भेटले. ज्याला अक्षरे गिरवायला बसविले, तो चोवीस वर्षांचाही न झालेला तरुण साखळदंडात समोर आणि आपण त्याच सरकारचे अधिकारी! त्या भेटीचे वर्णन टेलर यांनी केले आहे ते वाचवत नाही.

फाशीची शिक्षा झाली, ती बदलून जन्मठेप झाली, आणि अखेर गव्हर्नर जनरलने ती चिंगलपेटच्या किल्ल्यात चार वर्षांच्या कैदेवर आणली. टेलर यांना आशा वाटू लागली की पोरगा सुटेल, कदाचित राज्यही मिळेल. पण हैदराबाद सोडल्यावर वाटेतल्याच एका मुक्कामी, पहाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा मेला. पिस्तूल त्यानेच उचलले, असे इंग्रजांकडील हकीकत सांगते. सुरपूरच्या बाजूला हा घात होता असे मानणारे लोक आहेत. तंबूत त्या क्षणी कोणी पाहणारे नव्हते म्हणतात. तेव्हा कागदावर जे आले ते मानलेच पाहिजे असे मला वाटत नाही.

आता ज्यासाठी मी हे सगळे लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येतो. टेलर यांनी म्हातारपणी आपली जीवनकहाणी लिहिली तेव्हा तिच्या मध्यभागी राजाची जन्मपत्रिका ठेवली आहे. राजा लहान असताना राणीने त्यांना सांगितले होते की पत्रिकेप्रमाणे मुलाला चोविसावे वर्ष घातक आहे आणि राज्यही जाणार आहे. टेलर यांनी तेव्हा ते हसण्यावारी नेले. पुढे ते खरे ठरले, म्हणून ते चकित झाले. गोष्ट वाचकाला खिळवून ठेवते यात वाद नाही. पण मला त्यात एका थकलेल्या माणसाची सोय दिसते. सारे ग्रहांनीच ठरविले होते असे म्हटले की मग कोणीच दोषी राहत नाही : फौज पाठविणारे नाहीत, मुलाला राज्य करायला शिकवून त्याच्या हाती अपुरे राज्य देणारे नाहीत, आणि ‘अप्पा’ही नाहीत. टेलर यांचे प्रेम खोटे होते असे मी म्हणत नाही. ते खरेच होते, म्हणूनच हा आडोसा लागला असावा. ज्या हुद्द्याने त्यांना त्या मुलाचा बाप केले, त्याच हुद्द्याने त्यांना इंग्रजांचा माणूस ठेवले. दोन्ही एका अंगरख्यात मावत होते तोवर बारा वर्षे सुखाची गेली.

राजाच्या मृत्यूनंतर टेलर सुरपुरातच पुन्हा अधिकारी म्हणून बसले होते, हे वाचून आणखी नवल वाटते. १८६० साली निजामाच्या निष्ठेचे बक्षीस म्हणून संस्थान निजामाला देण्यात आले. धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूरही निजामाला परत मिळाले. म्हणजे टेलर यांनी ज्या ज्या मुलुखाची घडी बसविली, तो प्रत्येक मुलूख एका तहाच्या कागदाने दुसरीकडे गेला. त्याच साली प्रकृती ढासळल्यामुळे ते कायमचे निघून गेले.

डब्लिनजवळच्या घरी बसून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ‘तारा’ (१८६३) ही आपल्या मराठी वाचकांनी मुद्दाम पाहावी. तुळजापूर, विजापूर आणि अफजलखानाचा काळ तिच्यात आहे. पुढे प्लासीच्या काळावरची ‘राल्फ डार्नेल’ आणि १८५७ वरची ‘सीता’. सीतेमध्ये एक इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो. १८७२ साली इंग्रजी वाचकापुढे हे ठेवायला छाती लागत होती. मेरी पामरचा नवरा ते लिहू शकला.

१८७५ च्या सुमारास त्यांची दृष्टी गेली. हिवाळा उष्ण देशात काढावा म्हणून सालारजंगांच्या निमंत्रणावरून ते पुन्हा हैदराबादेस आले. ज्या मुलुखाचा दगड न् दगड त्यांनी चित्रात उतरविला होता, तो आता त्यांना दिसत नव्हता. भाषा तेवढ्या कानांवर पडत होत्या. तेथे त्यांना जंगली ताप जडला. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेंतों येथे १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची जीवनकहाणी मुलगी ॲलिस हिने पुढच्या वर्षी छापून काढली. सुरपूरच्या राजाने स्वतःची हकीकत लिहून ठेवलेली नाही.