शिवरामराजे भोंसले

शिवरामराजे खेमसावंत भोंसले (जन्म: १९२७, मृत्यू: १९९५) हे सावंतवाडी संस्थानाचे अखेरचे अधिपती, महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य आणि गंजिफा या हस्तचित्रित खेळपानांच्या कलेचे पुनरुज्जीवक होते. आज सिंधुदुर्ग जिल्ह्याची ओळख म्हणून जी गोल, रंगीत गंजिफा दाखविली जाते, ती लुप्त होण्याच्या टोकाशी असताना त्यांनी व त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी सावरली.

प्रारंभिक जीवन

शिवरामराजे हे पाचवे खेमसावंत उर्फ बापूसाहेब महाराज आणि राणी पार्वतीदेवी यांचे पुत्र. प्रजावत्सल राज्यकर्ते म्हणून बापूसाहेबांचा लौकिक दक्षिण कोकणात अद्याप सांगितला जातो. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा शिवरामराजे अवघे दहा वर्षांचे होते. गादी त्यांच्याकडे आली, परंतु ते अज्ञान असल्याने राज्यकारभार पार्वतीदेवींनी सांभाळला. शिवरामराजे सज्ञान झाले तेव्हा संस्थानांचे युग संपत आले होते. १९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याचा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट झाला. पुढे १९८१ मध्ये रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. ज्या वयात राज्यकारभाराला आरंभ व्हावयाचा, त्याच वयात शिवरामराजांचे राज्य संपले होते.

सार्वजनिक जीवन

विलीनीकरणानंतर शिवरामराजांनी लोकशाही राजकारणाचा मार्ग स्वीकारला. सावंतवाडी मतदारसंघातून ते अनेक वेळा विधानसभेवर निवडून गेले. शिक्षणप्रसारातही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या वडिलांच्या नावाने ओळखले जाणारे श्री पंचम खेमराज महाविद्यालय १९६१ मध्ये सावंतवाडीत सुरू झाले. उच्च शिक्षणासाठी घाटापलीकडे किंवा मुंबईस जावे लागणाऱ्या या भागातील विद्यार्थ्यांची त्यामुळे मोठी सोय झाली.

गंजिफा: खेळ आणि चित्रे

गंजिफा हा मोगल काळात भारतात रुजलेला खेळ. बाबराने सिंधमधील आपल्या स्नेह्यास गंजिफांचा संच पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या दरबारातील खेळाचे वर्णन अबुल फझल याने ‘ऐन-ए-अकबरी’त केले आहे. त्यात प्रत्येकी बारा पानांचे बारा रंग होते व प्रत्येक रंगाचा एक अधिपती होता: घोडदळाचा अश्वपती, हत्तींचा गजपती, पायदळाचा नरपती, किल्ल्यांचा गडपती, नौकांचा नवपती इत्यादी. एखाद्या राज्याचे सैन्य, दुर्ग आणि खजिना पटावर मांडावा, तसा तो चित्रांतून खेळाडूंच्या हाती येई. बुद्धिबळात जे युद्ध सोंगट्यांनी खेळले जाते, तेच येथे रंगविलेल्या पानांनी खेळले जाई.

महाराष्ट्रात या खेळाने दशावताराचे रूप घेतले. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग व एकूण १२० पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पाने असतात. राजाच्या पानावर त्या अवताराचे चित्र असते, तर आकड्यांच्या पानांवर मासा, कासव, परशू यांसारखी त्याची चिन्हे तितक्या संख्येने काढलेली असतात. निम्म्या रंगांत दश्शी सर्वांत वरची मानली जाते, तर उरलेल्या निम्म्या रंगांत क्रम उलटा होऊन एक्का वरचढ ठरतो. हुकमाचा रंग नसतो. कोणती पाने पडली आणि कोणती शिल्लक आहेत, हे खेळाडूला स्मरणातच ठेवावे लागते. दिवसा डाव रामाच्या रंगाने, तर रात्री कृष्णाच्या रंगाने सुरू करण्याचा प्रघात आहे.

सावंतवाडीत ही पाने रंगविण्याचे काम चितारी घराण्यांकडे होते. याच कारागिरांच्या हातांनी येथील लाखकाम व लाकडी खेळणीही घडली. पान तयार करण्याची रीत कष्टाची आहे. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, ते वाळवून गोल कापायचे, घोटून गुळगुळीत करायचे, त्यावर बारीक कुंचल्याने चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा लेप द्यायचा. एका संचासाठी हे सर्व १२० वेळा करावे लागते.

पुनरुज्जीवन

यंत्रावर छापलेले बावन्न पानांचे पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर गंजिफेची मागणी आटली. संस्थान गेल्यावर दरबारचा आश्रयही राहिला नाही. चितारी कुटुंबांतील तरुण इतर व्यवसायांकडे वळले. सावंतवाडीत ही कला पूर्णपणे जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. त्यांच्यानंतर ही विद्या पुढे नेणारे कोणी दिसत नव्हते.

या टप्प्यावर शिवरामराजे व सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांना आपल्या कलेचे शिक्षण देण्याची विनंती केली. कारागिराला केवळ आश्रय देऊन राजघराणे थांबले नाही, तर राजदांपत्याने स्वतः शिष्यत्व पत्करले. राजवाड्याच्या दरबार सभागृहात कार्यशाळा उभी राहिली. ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने तेथे गंजिफा, लाखकामाचे पाट, पेट्या व इतर वस्तू तयार होऊ लागल्या आणि स्थानिक तरुण-तरुणींना चित्रकामाचे शिक्षण व रोजगार मिळू लागला. जेथे पूर्वी मानकरी बसत, तेथे आता मांडीवर फळी घेऊन चित्रकार पाने रंगवू लागले.

या कामाला बाहेरील अभ्यासकांचीही दाद मिळाली. मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी भारतीय गंजिफांचा मोठा संग्रह करून त्यावर लेखन केले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९८२ मध्ये त्यांचा गंजिफांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतात अनेक ठिकाणी ही कला नामशेष झालेली असताना सावंतवाडीत ती जिवंत राहिली, हे या दांपत्याच्या प्रयत्नांचे फळ होय.

मृत्यू व वारसा

१९९५ मध्ये शिवरामराजांचे निधन झाले. त्यानंतर सत्वशीलादेवींनी २०१८ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत कार्यशाळेचे काम पाहिले. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफा रंगविण्याचे काम पुढेही चालू राहिले असून ते पाहण्यासाठी अभ्यासक व पर्यटक तेथे येतात.

या यशाला एक मर्यादाही आहे. चित्रकला वाचली, परंतु खेळ मात्र त्या प्रमाणात परतला नाही. बहुतेक संच भेटवस्तू किंवा संग्राह्य वस्तू म्हणून विकत घेतले जातात, त्यांनी डाव मांडणारे थोडेच आहेत. तथापि, पाने रंगविणारे हातच उरले नसते, तर खेळ पुन्हा शिकण्याची वाटही बंद झाली असती. ती वाट मोकळी ठेवण्याचे श्रेय राज्य गेल्यावर कुंचला हाती घेणाऱ्या शिवरामराजांना, सत्वशीलादेवींना आणि आपली विद्या हातची न राखता देणाऱ्या पुंडलिक चितारी यांना जाते.