आर्यभटाचे साल शोधणारा डॉक्टर

आर्यभटाचा जन्म इ. स. ४७६ मधला, हे आज शाळकरी मुलेही सांगतात. पण त्या सालाचा पुरावा जगातल्या अभ्यासकांपुढे मांडणारा माणूस मुंबईत दवाखाना चालवणारा मराठी डॉक्टर होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यांचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊंचे मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. गाव गोव्यातले मांद्रे. लहानपणीच ते मुंबईला आले आणि एल्फिन्स्टनमध्ये शिकले. काठेवाड-कच्छमधील बालिकाहत्येवरच्या त्यांच्या निबंधाला बक्षीस मिळाले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ होते. नामांकित डॉक्टर झाल्यावरही गरिबांवर ते मोफत उपचार करीत.

पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या या डॉक्टरांनी संस्कृत वैद्यकग्रंथही उघडले. ग्रंथात आहे म्हणून औषध खरे मानायचे नाही आणि जुने आहे म्हणून टाकूनही द्यायचे नाही, रुग्णाला गुण येतो का ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. कुष्ठरोगावर त्यांनी खष्ट, म्हणजे कडू कवठ, या झाडाच्या बियांचे तेल वापरून पाहिले. १९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधे येईपर्यंत याच जातीच्या झाडांची तेले कुष्ठरोगावर जगभर दिली जात होती.

हीच रीत त्यांनी इतिहासालाही लावली. आर्यभट नावाचे दोन ज्योतिषी होऊन गेले. दोघांच्या ग्रंथांची सरमिसळ झाल्याने काही युरोपीय अभ्यासक आर्यभटाला कित्येक शतके अलीकडे ओढत. ग्रीक, अरब आणि भारतीय यांपैकी कोणी कोणाकडून काय घेतले, हे ठरवायचे तर आधी साल पक्के हवे. भाऊंनी ‘आर्यभटीया’ची हस्तलिखिते मिळवली. कलियुगाची ३,६०० वर्षे सरली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे आर्यभटाने स्वतःच त्यात नोंदवले आहे. कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२ धरला, की ही वेळ इ. स. ४९९ येते. त्यातून २३ वजा केले की ४७६. भाऊंचा हा लेख १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या काळाचाही विचार त्यात आहे.

३१ मे १८७४ रोजी भाऊ गेले. त्याच वर्षी डच पंडित केर्न यांनी ‘आर्यभटीय’ लायडेनहून छापून प्रसिद्ध केले. भायखळ्याच्या ज्या संग्रहालयासाठी भाऊ झटले, त्याला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

माधवनगर-सांगलीकडच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी पोथी किंवा वैद्याची वही सापडली, तर ती रद्दीत घालू नका, जाणकाराला दाखवा. मात्र त्यातले औषध परस्पर घेऊ नका. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात या. कुष्ठरोगावरची औषधे तिथे मोफत मिळतात. सहा ते बारा महिने नेमाने घेतली, की हा रोग पूर्ण बरा होतो. भाऊंच्या रुग्णांना अशी हमी कुणीच देऊ शकत नव्हते.