मायकेल फॅरेडे : लोहाराचा मुलगा, विजेचा अभ्यासक

आयन आणि इलेक्ट्रोलाइट हे शब्द आमचे विद्यार्थी दरवर्षी पाठ करतात. ते शब्द ज्यांच्या लेखनातून विज्ञानात रुजले, त्या मायकेल फॅरेडे यांचे चरित्र या स्मरणिकेत द्यावे, असे आम्हांस वाटले.

फॅरेडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित एवढेच शिक्षण त्यांना लाभले. पुढे ते पुस्तकबांधणीच्या दुकानात सात वर्षे उमेदवार होते. बांधणीसाठी आलेले ग्रंथ ते वाचून काढीत. 1812 मध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे उतरविली, स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. 1813 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्यांना मदतनीसाची जागा मिळाली. त्याच वर्षी डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासास निघाल्यावर त्यांच्या वाट्याला नोकराची कामे आली. डेव्हींच्या पत्नी त्यांना बरोबरीने वागवीत नसत. असा अपमान किती बोचतो, हे आपल्या समाजास सांगावयास नको. फॅरेडे यांनी तो सोसला, पण विद्या सोडली नाही.

1833 मध्ये त्यांनी दाखविले, की कित्येक क्षार घन असताना वीज अडवितात आणि वितळताच वाहू देतात. 1834 मध्ये विल्यम ह्यूएल यांच्या साहाय्याने त्यांनी आयन हा शब्द रूढ केला. पुढे 1914 मध्ये पॉल वाल्डेन यांनी अवघ्या 12 अंश सेल्सिअसला वितळणारा क्षार नोंदविला; रत्नागिरीच्या हवेत तो एरवी द्रवच राहील. अशा आयनी द्रवांचा उपयोग आज सुपरकपॅसिटरमध्ये इलेक्ट्रोलाइट म्हणून होऊ लागला आहे. ते सहज उडून जात नाहीत आणि पाण्यापेक्षा अधिक व्होल्टेज सोसतात. मात्र थंडीत घट्ट होतात. म्हणून दोन द्रवांचे मिश्रण करतात. वेगवेगळ्या आकारांचे आयन एकत्र आले, की त्यांची स्फटिकासारखी घट्ट रचना सहज होत नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे एक मिश्रण उणे 50 ते 100 अंशांपर्यंत उपयोगी ठरले. या साधनाची धारिता मोजण्याचे एककही फॅरेडे यांच्या नावावरून फॅरड असेच आहे.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. मुलांसाठीची नाताळ व्याख्याने मात्र वर्षानुवर्षे दिली. 25 ऑगस्ट 1867 रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तके बांधता बांधता वाचणाऱ्या या मुलाची जिद्द आमच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीत उतरावी, हीच आमची मनोकामना.